एकतीस आणि एकच्या मधे अडकलेला काटा: फोंड्यातल्या एका कॅलेंडर-क्रोनोग्राफचं प्रकरण

घड्याळ चावीचं, स्टीलच्या केसचं, ३५.५ मिलिमीटरचं. डायलवर बाराच्या खाली दोन लहान खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना. कडेने १ ते ३१ आकडे आणि ते दाखवणारा निळ्या टोकाचा लांब काटा. तीन छोट्या तबकड्या: नवाकडे चालू सेकंद, तीनकडे ३० मिनिटं, सहाकडे १२ तास. चावीच्या वर-खाली क्रोनोग्राफची, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचची, दोन बटणं. शिवाय केसच्या कडेत, बोट फिरवलं तरच जाणवतील अशी तीन बारीक छिद्रं, त्यांत वार, तारीख, महिना हाताने पुढे ढकलायच्या बुडत्या पिना. गोव्यातल्या फोंड्यात एका घरात हे घड्याळ जून महिन्यात कपाटातून बाहेर निघालं, तेव्हा तारखेचा काटा ३१ आणि १ यांच्या बरोबर मधे उभा होता.

आजोबा जहाजावर नोकरीला होते, तिकडून त्यांनी ते आणलं. कुठल्या बंदरातून, ते कुणाला आठवत नाही. वडील गेल्यावर वारस तीन. थोरले दादा म्हणाले, पॉलिश करून, डायल नवी रंगवून झकास करू. धाकट्याला विकायचं होतं. मधल्या ताईचं म्हणणं, आधी ते चालतं तरी करू. तोवर दोन दर आले होते. एका दुकानाने केस पॉलिश आणि डायल रंगवण्याचे मिळून २२,००० रुपये सांगितले. दुसऱ्याला घड्याळ विकतच हवं होतं. डायल आणि केस पाहण्याआधीच त्याने मागचं झाकण उघडून मागितलं आणि भाव सांगितला तो फक्त मशीनचा. या दुसऱ्या मागणीचा अर्थ कळला की पुढचं सगळं प्रकरण कळतं.

झाकणाखाली काय होतं

बॅलन्सच्या, म्हणजे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाच्या खाली, प्लेटवर वाल्जू या स्विस मशीन-कंपनीचा शिक्का आणि शेजारी ‘७२ सी’. वाल्जू ७२ हे १९३८ चं कॅलिबर, म्हणजे मशीनचं मॉडेल: कॉलम व्हीलचा (बटणांचे हुकूम वाटणाऱ्या खांबांच्या चाकाचा) तीन तबकड्यांचा क्रोनोग्राफ, १३ लिन्य (मशीन मोजायचं जुनं फ्रेंच माप) आकार, तासाला १८,००० ठोके. म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून अशा डायलच्या कडेला सेकंदाचे पाच भाग छापलेले असतात. १९४६ पासून या मशीनच्या डायलकडच्या बाजूवर वार, तारीख, महिना चालवणारी प्लेट चढवून ७२ सी तयार झालं. पुढच्याच वर्षी त्यात चंद्रकला घालून ८८ आलं.

रोलेक्सच्या ४७६७ पासून ६२३६ पर्यंतच्या मॉडेल-क्रमांकांच्या कॅलेंडर-क्रोनोग्राफमध्ये हेच मशीन आहे. फ्रेंच स्कीपटू ज्याँ-क्लोद किली याच्या नावाने संग्राहक त्यांना ‘किली’ म्हणतात. त्या घड्याळांचे भाव आभाळाला भिडलेत. सुटे भाग मात्र सहज मिळत नाहीत. मग लहान, फारसं नाव नसलेल्या स्विस कंपनीचं ७२ सी दिसलं की ते फोडून त्यातली कॅलेंडर-प्लेट काढायची आणि मोठ्या नावाच्या घड्याळात बसवायची, असं चालतं. डायल आणि केस मग भंगारात. फोंड्याच्या घड्याळावर टपलेल्या त्या दुसऱ्या दुकानाचा हाच बेत होता. अशी किती घड्याळं संपली असतील याचा विचार केला तरी जीव तुटतो, कारण त्या काळातलं काम त्या छोट्या कंपन्यांच्या डायलवरही तितक्याच हौसेने केलेलं असतं.

हे ‘ट्रिपल कॅलेंडर’ आहे, हे तिघा भावंडांना आधी समजावून सांगावं लागलं. त्याला महिन्याचे दिवस कळत नाहीत. प्रत्येक महिना ते ३१ दिवसांचाच मानतं, म्हणून वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे ढकलावी लागते. वार्षिक कॅलेंडरला फक्त फेब्रुवारी संपल्यावर हात लावावा लागतो. पर्पेच्युअल कॅलेंडरला लीप वर्षही कळतं आणि ते नीट चालत राहिलं तर २१०० सालापर्यंत त्याला हात लावावा लागत नाही, कारण ते साल चारने भागलं जात असूनही लीप नाही. पर्पेच्युअल कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ एकत्र असलेलं, मालिकेत बनवलेलं पहिलं मनगटी घड्याळ म्हणजे पाटेक फिलिपचं १५१८, साल १९४१. ती सगळी मिळून २८१ बनली. आपलं घड्याळ त्या पंगतीतलं नाही, पण त्याची गुंतागुंत काही कमी नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळजींनी सुईने कोरलेल्या तीन खुणा होत्या. १९५८, १९६४ आणि १९७९ एवढे आकडे भिंगाखाली वाचता आले. म्हणजे शेवटची सर्व्हिस चाळीस वर्षांहून जुनी, आणि आतलं तेल केव्हाच वाळलेलं.

वाराची चकती पिनेने एकेक दिवस पुढे नेऊन सातही वार वाचले. हे करायलाच हवं. पहिल्याच खिडकीत ‘लुन’ दिसलं म्हणून चकती फ्रेंच ठरवून मोकळे होणारे बरेच आहेत. पण सोमवारचं ‘लुन’ आणि मंगळवारचं ‘मार’ फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन तिन्हीत सारखंच लिहितात. तिन्ही एकमेकांपासून वेगळ्या होतात त्या गुरुवारी: फ्रेंच चकतीवर ‘ज्यो’, स्पॅनिशवर ‘हुए’, इटालियनवर ‘जिओ’. इथे गुरुवारी ‘हुए’ आलं, शनिवारी ‘साब’. महिन्याच्या चकतीवर जानेवारीला ‘एने’, ऑगस्टला ‘आगो’. दोन्ही चकत्या स्पॅनिश, अक्षरांचा साचा एक, शाई एक. गोव्यात सापडलं म्हणून पोर्तुगीज चकती असेल असं वाटणं साहजिक, पण तशी ती नव्हती. एक चकती एका भाषेची आणि दुसरी दुसऱ्या भाषेची निघाली असती, तर मधे कधीतरी भाग बदललाय हे उघड झालं असतं. तसं काही नव्हतं.

डायल मूळचीच होती. छोट्या तबकड्यांच्या बारीक वर्तुळरेषा कुठे फाटलेल्या नाहीत, त्या काठावरून ओघळलेल्या नाहीत, खिडक्यांच्या कडांवर रंगाचा थर साचलेला नाही, आणि क्रोनोग्राफचा सेकंदकाटा शून्यावर आणला की तो छापील रेघेवर तंतोतंत बसतो. रंगवलेल्या डायलवर नेमकी हीच रेघ हुकते. मुंबईच्या चोर बाजारातून रंगवलेल्या डायलची घड्याळं जगभर जातात. त्यांना लांबून ओळखायचं तर अक्षरांची जाडी पाहावी, मूळ छपाईपेक्षा ती बहुतेक वेळा फुगलेली असते. फोंड्याच्या डायलवर चारच्या आसपास ओलीचे तपकिरी ठिपके होते, इतकंच. केसच्या पायांच्या (पट्टा जिथे बसतो त्या टोकांच्या) कडा अजून धारदार होत्या आणि पिनांच्या छिद्रांचे काठ सरळ. पॉलिशचा बफ फिरवला असता तर ते काठ नरसाळ्यासारखे पसरले असते. दादांना ही छिद्रं दहापट भिंगातून दाखवली. पॉलिशचा विषय तिथेच संपला.

दात का मोडला

कॅलेंडरची प्लेट काढल्यावर कारण समोर आलं. तारखेच्या चाकाला ३१ दात. दिवसातून एकदा फिरणाऱ्या चाकावरचं बोट त्यातला एक दात ढकलतं, आणि जंपर नावाच्या स्प्रिंगची चोच पुढच्या खाचेत पडून चाक जागेवर धरते. इथे ३१ वरून १ वर नेणारा दात मुळाशी अर्धा तुटला होता आणि उरलेला अर्धा वाकला होता. बाकीचे तीस जवळजवळ नवे.

हा योगायोग नाही. हाताने तारीख ढकलायची वेळ येते ती फक्त महिनाअखेर, ३०, ३१ आणि १ च्या आसपास. त्यामुळे चुकीच्या वेळी पिन दाबली गेली तर मार कायम त्याच एक-दोन दातांवर बसतो. चुकीची वेळ म्हणजे साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन. या वेळात बोट दाताला टेकलेलं असतं. तेव्हा पिन दाबली की चाकाला दोन बाजूंनी दोन हुकूम मिळतात आणि जो कच्चा असेल तो मोडतो. या घरात ३० तारखेच्या रात्री जेवणं झाल्यावर ‘उद्या एक तारीख’ म्हणून पिन दाबायची पद्धत होती. ताईला वडील ते काम करताना नीट आठवत होते. वर्षातून चारपाच वेळा, कित्येक वर्षं.

अजून एक खोच आहे. बंद पडलेल्या घड्याळात काटे दहावर असतील तर ते सकाळचे दहा की रात्रीचे, हे डायलवरून कळत नाही. म्हणून बंद घड्याळाच्या पिनांना हात लावण्याआधी काटे पुढच्या दिशेने फिरवून सहावर आणावेत. सकाळचे सहा असोत की संध्याकाळचे, बोट दोन्ही वेळेला दातापासून दूर असतं. काटे मध्यरात्रीवरून उलटे मात्र फिरवू नयेत.

जंपरच्या पात्यावर गंज होता, खोल खड्ड्यांचा. साध्या घड्याळाच्या केसला चावीचं एकच छिद्र असतं. या केसला सहा: चावी, दोन बटणं, तीन पिना. पिनांना रबर नाही, बटणांना नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढी ओल, वर समुद्राकडून येणारी खारी हवा, आणि पिनांची छिद्रं उघडतात नेमकी कॅलेंडर-प्लेटच्या कडेला. गंज मशीनच्या पाठीमागे कमी आणि डायलखाली जास्त का, ते यावरून कळतं. नुसतं मागचं झाकण उघडून ‘मशीन स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्यांवर म्हणूनच विसंबू नये.

तिसरी तक्रार क्रोनोग्राफची. तो थांबवलेला असतानाही १२ तासांच्या तबकडीचा काटा हळूहळू सरकायचा. ७२ मध्ये तासांची मोजणी थेट बॅरलवरून (मुख्य स्प्रिंगच्या डबीवरून), घर्षणाने बसवलेल्या चाकाकडून चालते, आणि क्रोनोग्राफ बंद असताना एक पट्टी तासांचं चाक धरून ठेवते. ही रचना डायलकडच्या बाजूला, म्हणजे ७२ सी मध्ये कॅलेंडरच्याही खाली असते. आधीच्या कुणीतरी घर्षणाच्या जागी घट्ट ग्रीस भरलं होतं. ते वाळून चिकट झालं, घसरायला हवं ते चाक घसरेना, आणि पट्टीची पकड कमी पडली. त्या ओढीने मशीनची ताकदही खाल्ली जात होती: पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर असताना, बॅलन्सचा झोका फक्त १९० अंश. क्रोनोग्राफ चालू केला की १५० आणि मग बंद.

दुरुस्ती

सोपा मार्ग दुसरं ७२ सी विकत घेऊन त्यातलं चाक आणि जंपर काढण्याचा होता. तो घेतला नाही. आपलं एक घड्याळ वाचवायला दुसरं मारायचं, तर मशीनचा भाव सांगणाऱ्या त्या गिऱ्हाइकात आणि आपल्यात फरक काय राहिला? शिवाय दुसऱ्या घड्याळातल्या चाकाचे दात सारखे दिसले तरी तेही त्याच जागी झिजलेले असण्याची शक्यता दांडगी.

यांत्रिक घड्याळांवर हात बसलेल्या एका घड्याळजीने दात नव्याने बसवला. मोडक्या दाताच्या जागी चाकाच्या कडेत पारव्याच्या शेपटासारखी, आत रुंद होत जाणारी खाच कापली, त्यात पितळेचा तुकडा ठोकून बसवला, अगदी थोड्या कथिलाने धरला. कथिलासाठी वापरलेला आम्लाचा अंश राहिला तर तोच पुढे गंज आणतो, म्हणून चाक आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग डिस्टिल्ड पाण्यात, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये धुतलं. मग शेजारचा दात नमुना म्हणून समोर ठेवून वीसपट भिंगाखाली कानस. नवा जंपर जुन्याच्या जाडीच्या पोलादी पट्टीतून कापला, पाणी दिलं, निळा रंग चढेपर्यंत तापवून उतरवला आणि चोच आरशासारखी घासली. चोच खरबरीत राहिली तर तारीख बदलताना मशीनला दररोज धाप लागते.

क्रोनोग्राफच्या चाकांची पकड कमी-जास्त करणारे एक्सेंट्रिक (मध्य सरकलेले) स्क्रू ७२ मध्ये आहेत. त्यांच्या खाचा कोऱ्या होत्या, म्हणजे आजवर कुणी त्यांना छेडलं नव्हतं. त्यांचे फोटो काढून ते तसेच ठेवले. अर्धवट माहितीचा माणूस आधी हेच फिरवतो, आणि मग सेकंदकाटा सुरू होताना उडी मारतो किंवा मिनिटाचा काटा एकदम दोन घरं पुढे जातो.

तेल: बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या टोकांना मोबियस कंपनीचं ९०१०, बॅरलच्या आसाला आणि सावकाश, जोराने फिरणाऱ्या जागांना डी५, पॅलेटच्या (बॅलन्सला ठोका देणाऱ्या काट्याच्या) खड्यांना ९४१५. पॅलेटची टोकं कोरडी. क्रोनोग्राफच्या चाकांचे दात कोरडे, तारखेचे, वाराचे, महिन्याचे दातही कोरडे. जंपरच्या चोचीला फक्त ग्रीसची पुसट ओल. जास्त तेल हे कमी तेलापेक्षा वाईट, कारण ते पसरतं आणि डायलच्या पाठीवर चढतं.

काट्यांमधला चमकणारा मसाला रेडियमचा होता, त्या काळच्या चमकणाऱ्या काट्यांत तो सर्रास असे. तो आता अंधारात चमकत नाही याचा अर्थ रेडियम संपलं असा नाही. रेडियम-२२६ अर्ध्यावर यायला १,६०० वर्षं लागतात, खराब झालेला असतो तो त्यातला चमक देणारा झिंक सल्फाइड. मसाला भुगा होऊन सुटत होता. काटे हातमोजे घालून काढले, ब्लोअर मारला नाही, फुंकरही घातली नाही, भुगा ओल्या कागदाने टिपला. नवा मसाला भरला नाही. मागच्या बाजूने पातळ लॅकरचा एक थर देऊन जुनाच जागेवर धरला. अशी बरीच घड्याळं असणाऱ्यांनी ती निजायच्या बंद खोलीत साठवू नयेत, रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो.

डायलवरच्या ठिपक्यांना हात लावला नाही. लॅकरच्या खालून आलेली ओल पुसायला गेलं की सगळ्यात आधी छपाई निघते.

जोडणी झाल्यावर काटे हाताने फिरवून पूर्ण ३१ दिवस पाहिले, म्हणजे तासकाट्याचे ६२ फेरे. कंटाळवाणं काम आहे, पण बसवलेल्या दाताची परीक्षा दुसरी नाही. आता आकडे असे: डायल वर, झोका २७५ अंश, क्रोनोग्राफ चालू असताना २५०. वीस-तीस अंशांची घट रास्तच. दिवसाला ८ सेकंद पुढे. एकूण खर्च ६२,००० रुपये, त्यातले २६,००० दात आणि जंपरचे.

वाटणी

गोव्यात हा भाग टाळता येत नाही. इथे २०१२ च्या वारसाहक्क आणि इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे मयताच्या मालमत्तेची यादी न्यायालयापुढे होऊ शकते, किंमत ठरते, आणि एखादी वस्तू कुणी घ्यायची यावर वारसांमध्येच बोली लागू शकते. जोडीदारांची मालमत्ता सहसा सामायिक धरली जात असल्याने वारसांचे नवरा-बायकोही त्यात पक्षकार असतात. म्हणून घड्याळ उघडण्याआधी, आहे त्या अवस्थेतले फोटो (डायल, झाकणाची आतली बाजू, मशीन, अडकलेला काटा) आणि दुरुस्तीला संमती, अशा कागदावर सहा जणांच्या सह्या घेतल्या. दुरुस्तीचा खर्च मालमत्तेच्या हिशेबात दाखवला. न सांगता पॉलिश केलेलं घड्याळ यादीत आलं असतं, तर कमी झालेली किंमत कुणाच्या वाट्यातून कापायची यावर भावंडांत तंटा ठरलेलाच. बोलीत ते ताईकडे गेलं.

ठेवायचं कसं

पावसात हातावर घालायचं नाही. मागच्या झाकणाला नवं रबर बसलं तरी बाकीची सहा छिद्रं तशीच आहेत. जून ते सप्टेंबर ते कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेटमध्ये, आर्द्रता ४५ टक्क्यांवर. तीसच्या खाली नेलं तर चामड्याचा पट्टा तडकतो. पट्टा तसाही काढून वेगळा ठेवावा, बुरशी पहिल्यांदा त्यालाच धरते. कॅबिनेट नसेल तर दहा लिटरचा हवाबंद डबा आणि शंभर ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी जेलचा रंग उतरला की ११० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरू नका, कोंड्याची पूड त्याच सहा छिद्रांतून आत जाते.

स्वस्त आर्द्रतामापक पाच-सहा टक्के सहज चुकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घालावं, मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. ते आणि मापक एकाच बंद पिशवीत आठ तास ठेवावेत. बरोबर असेल तर मापक ७५ दाखवतो. जेवढा फरक दिसेल तेवढा मनात धरून पुढचं वाचन करावं.

कॅबिनेटमध्ये असताना आठवड्यातून एकदा पूर्ण चावी, क्रोनोग्राफ दहा मिनिटं चालू, मग थांबवून शून्यावर. क्रोनोग्राफ चालू असताना तो वरचं बटण दाबून थांबवल्याशिवाय खालचं दाबू नये.

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच चौकोनांत खूण केली आहे: १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर. वेळ सकाळी दहानंतर, न्याहारी झाल्यावर. पिन दाबायला लाकडी टूथपिक, टोक कापून बोथट केलेलं, सुई नाही. तीस दिवसांच्या चार महिन्यांनंतर एकेकदा दाबायचं, फेब्रुवारीनंतर तीनदा, लीप वर्षी दोनदा, आणि प्रत्येक वेळी महिन्याची खिडकीही पाहायची. जुना जंपर आणि मोडक्या दाताचा कपटा एका लहान कागदी पाकिटात घालून घड्याळाच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे. पाकिटावर तारीख लिहिली आहे: झाकणाच्या आतल्या तीन खुणांनंतरची चौथी. झाकणावर काही कोरलं नाही.